क्लीडस टी. जडचे अल्बम : अहिराणी विडंबनगीत बांधणाऱ्यांनी काय ऐकावं, काय सोडावं

हळदीच्या रात्री चालत्या हिंदी गाण्यावर अहिराणी शब्द बसवून म्हणणारा एक तरी पोऱ्या खान्देशातल्या प्रत्येक गावात सापडतो. मोबाइलवर कराओके ट्रॅक, हातात माइक, मांडवाच्या एका कोपऱ्यात वरण-बट्टीची पंगत. पहिल्या कडव्याला हशा पिकतो, दुसऱ्याला निम्मा होतो, तिसऱ्याला लोक आपापसात बोलायला लागतात. गळा वाईट नसतो, शब्दही वाईट नसतात. तरी गाणं मधेच का बसतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या एका कंट्री गायकाचे अल्बम मन लावून ऐकण्यासारखे आहेत. नाव क्लीडस टी. जड. त्याने आयुष्यभर हेच काम केलं: गाजलेल्या कंट्री गाण्याची चाल जशीच्या तशी ठेवायची आणि शब्द आपले घालायचे.

निकाल आधीच सांगून टाकतो. 1996, 1998 आणि 2000 चे तीन अल्बम पूर्ण ऐका. 1995 चा पहिला अल्बम निवडून ऐका. नंतरच्यांपैकी 2004 मधलं एक गाणं आणि 2007 चा एक अल्बम घ्या. बाकीचं हाती वेळ असेल तर.

क्लीडसचं खरं नाव बॅरी पूल, जन्म 1964, जॉर्जिया राज्य. घेतलेल्या नावातच पहिला विनोद आहे. त्या काळी नेओमी आणि वायनोना या मायलेकींची ‘द जड्स’ ही जोडी कंट्री संगीतात घराघरात पोहोचलेली होती. त्यांचं आडनाव याने उचललं आणि 1995 च्या पहिल्या अल्बमच्या नावातच, स्वतःच्या नावापुढे, कंसात लिहून टाकलं: नो रिलेशन, म्हणजे ‘आमचं काही नातं नाही’. विडंबनाचं सगळं तंत्र या दोन शब्दांत आहे. ऐकणाऱ्याला मूळ आठवायला लावायचं आणि लगेच हात झटकायचे.

कंट्री संगीत ज्यांनी फारसं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. शेत, ट्रॅक्टर, पिकअप गाडी, दारूचा गुत्ता, मोडलेला संसार, देव आणि आई हे त्यातले नेहमीचे विषय. वाद्यं म्हणजे ॲकूस्टिक गिटार, फिडल, मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार आणि बँजो. हा बँजो म्हणजे आपल्या वरातीतला बँजो नव्हे. आपल्याकडे बँजो पार्टीत जो वाजतो तो बुलबुलतरंग: आडव्या तारा, त्यावर टाइपरायटरसारखी बटणं, दुसऱ्या हातात नखी. अमेरिकी बँजोला डफासारखं गोल तोंड आणि लांब मान असते, त्या जातीत बहुधा 5 तारा असतात आणि बोटांना नख्या चढवून तो छेडतात. एकाच ट्रॅकमध्ये दोन्ही नावं निघाली की स्टुडिओवाला आणि गायक दोन वेगळ्या वाद्यांबद्दल बोलत राहतात, म्हणून हे आधी स्पष्ट केलेलं बरं.

आता मुद्द्याचं. क्लीडसची चांगली गाणी ओळखायची खूण त्याच्या शीर्षकांतच सापडते. टोबी कीथचं ‘हाऊ डू यू लाइक मी नाऊ’ हे गाणं 2000 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. क्लीडसने त्याचं केलं ‘हाऊ डू यू मिल्क अ काऊ’. मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे सहा अक्षरं. पहिली तीन जशीच्या तशी. ‘लाइक’ आणि ‘मिल्क’ या दोन्हींत ल आहे, दोन्हींचा शेवट क वर. ‘नाऊ’ आणि ‘काऊ’ यांचं यमक पक्कं. अर्थ मात्र ‘आता बघ मी कसा वाटतो’ इथून थेट ‘गाय कशी पिळतात’ इथे येऊन पडतो. कानाला धक्का लागत नाही आणि डोक्याला लागतो, म्हणून हसू येतं. त्याच कीथच्या ‘आय लव्ह धिस बार’चं पुढे ‘आय लव्ह नॅसकार’ झालं. चार अक्षरांना चार, ‘बार’ला ‘कार’, आणि गुत्त्याच्या जागी मोटारशर्यत. हे गाणं 2004 मध्ये कंट्रीच्या यादीत 48 व्या क्रमांकापर्यंत गेलं. विडंबनगीताने यादीत शिरणंच अवघड असतं हे लक्षात घेतलं तर हा आकडा लहान नाही.

तिसरं उदाहरण 1998 च्या अल्बमच्या नावाचं. डीना कार्टरच्या ‘डिड आय शेव्ह माय लेग्ज फॉर धिस’ या मूळ गाण्यात बायको विचारते, ‘यासाठी का मी पायांवरचे केस काढले?’ तिने संध्याकाळसाठी केलेली सगळी तयारी वाया गेलेली असते. क्लीडसने ‘लेग्ज’च्या जागी ‘बॅक’ घातलं, म्हणजे पाठ. एक अक्षर गेलं, एक आलं, आणि तक्रार करणारी बाई जाऊन तिथे केसाळ पाठीचा पुरुष उभा राहिला. बाकी वाक्याला हात लावलेला नाही. आपल्याकडच्या नवशिक्याने हीच गोष्ट पहिली शिकावी. सगळे शब्द बदलायची हौस आवरा. धृपदातले तीन चतुर्थांश शब्द मूळचे राहू द्या आणि एकच शब्द असा फिरवा की गाण्याचा मालकच बदलेल.

दुसरी गोष्ट वाद्यमेळाची. या अल्बमांवर क्रिस क्लार्क हा त्याचा जोडीदार आहे, लेखनातही आणि निर्मितीतही. मूळ गाण्याची सुरावट, ठेका, स्टील गिटारची ती ओळखीची हरकत आणि मागचे आवाज या दोघांनी नव्याने वाजवून घेतले आहेत, आणि ते इतके काटेकोर की सुरुवातीचे काही क्षण मूळ गाणंच लागलं असं वाटावं. अशा कामावर खर्च होतो आणि तो करणं भाग असतं. सुरुवातीच्या वाद्यमेळात ऐकणाऱ्याला मूळ गाणं ओळखू आलं नाही तर पहिल्या ओळीतला विनोद हवेतच जातो. म्हणून कराओके ट्रॅकची सुरुवात कापून थेट गायला सुरुवात करू नका. मूळ गाण्याची ओळख पटवून देणारी बासरीची किंवा सनईची तान असेल तर ती पूर्ण वाजू द्या. मालेगावच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांतून जे विडंबनपट निघाले तेही याच वाटेने गेले: मूळ सिनेमाची पात्रं, पोशाख, उभं राहण्याची ढब जवळजवळ तशीच, आणि आत मालेगाव.

इथपर्यंत इंग्रजीचं झालं. अहिराणीत हेच करायला गेलं की भाषेच्या अडचणी वेगळ्या येतात, आणि त्या जवळून बघायला हव्यात. ही ओळ इथल्यापुरती रचलेली आहे, कुठल्या गाण्यातली नाही:

तुझ्या डोळ्यात मला चांदणं दिसतं

मात्रा मोजा. तुझ्या 3, डोळ्यात 5, मला 3, चांदणं 5, दिसतं 4. बेरीज 20. आता प्रेयसीच्या डोळ्यांऐवजी तिचा डबा आणि चांदण्याऐवजी चटणी घालून अहिराणी ओळ करू:

तुन्हा डब्बामा माले चटणी दिखस

तुन्हा 3, डब्बामा 6, माले 4, चटणी 4, दिखस 3. बेरीज पुन्हा 20. कागदावर जुळलं. गायला घ्या, ओळ चार जागी ठेचकाळते. एकूण मात्रा सारख्या असून भागत नाही. लघु आणि गुरू त्याच जागी पडावे लागतात, कारण चालीतला ठोका त्या जागेवर आहे. ‘मला’ म्हणजे लघु-गुरू, ‘माले’ म्हणजे गुरू-गुरू. मूळ चालीत ‘म’ उडतो आणि ‘ला’वर आवाज टेकतो. ‘माले’ म्हणताना टेकण्याची जागा आधीच येते आणि ठोका निसटतो. ‘चांदणं’ म्हणजे गुरू-लघु-गुरू, तर ‘चटणी’ म्हणजे लघु-लघु-गुरू. तिथे ‘चट’ घाईत उरकतं आणि पोकळी राहते.

दुरुस्ती करू. ‘चटणी’ काढून ‘लोनचं’ घाला: गुरू-लघु-गुरू, चांदण्याच्या मापाला अगदी बरोबर. ‘माले’च्या जागी ‘मले’ घ्या. रावेर-यावलकडच्या तावडी बोलीत तेच रूप आहे आणि ते लघु-गुरू बसतं. धुळे-साक्रीकडच्या लोकांसमोर गाणार असाल तर ‘माले’च म्हणा, पण ‘मा’ तोकडा म्हणा, नाहीतर बोली परकी वाटेल. ‘डब्बामा’ एक मात्रा जास्त आहे, पण शेवटचा ‘मा’ बोलतानाही अर्धवटच उच्चारला जातो, तोही तोकडा करा. राहिला ‘दिखस’.

हा ‘दिखस’ खरी अडचण आहे, आणि अहिराणीत गाणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी येते. मराठी ओळ ‘दिसतं’, ‘येतो’, ‘जाते’ अशी स्वरावर संपते. स्वर हवा तितका लांबवता येतो. अहिराणीचं वर्तमानकाळी क्रियापद ‘स’वर संपतं: करस, जास, येस, दिखस. ‘स’ लांबवला की गाणं नाही, फुसकारा ऐकू येतो. चाल ओळीच्या शेवटी दोन-तीन मात्रा थांबणारी असेल तर तिथे क्रियापद ठेवूच नये. ‘शे’ हा शब्द तिथे उपयोगाला येतो, कारण तो स्वरावर संपतो. ओळ अशी होईल:

तुन्हा डब्बामा मले लोनचं पन शे

‘पन शे’ म्हणजे लघु-लघु-गुरू, ‘दिसतं’च्या मापाला तंतोतंत. बोलताना कोणी ‘बी शे’ म्हणेल. मात्रा तेवढ्याच, पण दोन उड्या जाऊन दोन जड पावलं येतात, म्हणून गाण्यात ‘पन’ बरं. आणि अर्थाकडे बघा. ‘डब्यात लोणचं दिसतं’ यात नुसतं वर्णन होतं. ‘लोणचंपण आहे’ म्हटल्यावर प्रियकर डबा उघडून हरखलेला दिसतो. माप नीट केलं आणि विनोदही सुधारला. हे असं वारंवार होतं.

जिथे ‘स’ टाळता येत नाही तिथे ध्वनिमुद्रणात काळजी घ्यावी लागते. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरपा, वीतभर अंतरावर ठेवा. नंतर डी-एसर, म्हणजे ‘स’चा फुसकारा दाबणारं साधन, लावा, साधारण 5 ते 8 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. जास्त दाबू नका, नाहीतर ‘करस’चं ‘करथ’ होतं आणि गायक बोबडा वाटतो.

अहिराणीकडे मराठीला नसलेला एक खजिनाही आहे. ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, गळा म्हणजे गया. आता ‘गया’ म्हणजे गळाही आणि ‘गेला’ही. ‘काया’ म्हणजे काळा आणि देहही. हिंदी गाण्याच्या चालीवर काम करताना हे फारच मोलाचं आहे, कारण हिंदी ओळीतला ‘गया’ अक्षरशः तसाच ठेवून अहिराणीत त्याचा गळा करता येतो. कान हिंदी ऐकतो, अर्थ अहिराणी लागतो. क्लीडसला ‘लाइक’चं ‘मिल्क’ करावं लागलं. इथे शब्दाला हातही लावायला लागत नाही. तरी याचा उपयोग करणारे गायक फार थोडे दिसतात.

अल्बमांकडे परत येऊ. 1995 चा पहिला अल्बम कच्चा आहे पण ताजा आहे. ‘थिंकिन प्रॉब्लेम’चं ‘स्टिंकिन प्रॉब्लेम’, ‘गॉन कंट्री’चं ‘गॉन फंकी’ अशी एकाच फटक्यात कळणारी कामं त्यात आहेत. त्यातल्या ‘इंडियन इन-लॉज’ या गाण्याबद्दल मात्र इशारा. इथे ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतले मूळ रहिवासी. टिम मॅग्रॉच्या 1994 च्या मूळ गाण्यावरच त्या समाजाच्या साचेबंद चित्रणावरून टीका झाली होती, आणि विडंबनाने ते चित्र मोडलं नाही, त्याच्यावर आणखी रंग चढवला. हे गाणं सोडा. खान्देशात भिल्ल आणि पावरा बोलींची नक्कल करून हशा मिळवणारी गाणी निघतात, त्यांतही हाच दोष आहे. ज्याच्यावर हसायचं तो मांडवात बसलेला असताना ते गाणं गाता येईल का, हा प्रश्न ओळ लिहितानाच विचारायला हवा.

1996 चा ‘आय स्टोल्ड धिस रेकॉर्ड’ हा त्याचा सगळ्यात घट्ट अल्बम. नावातलं ‘स्टोल्ड’ हे मुद्दाम चुकीचं, खेडवळ रूप आहे. चोरीची कबुलीही झाली आणि बोलीही आली. यातलं ‘इफ शनाया वॉज माइन’ हे शनाया ट्वेनच्या ‘एनी मॅन ऑफ माइन’चं विडंबन नीट अभ्यासा. मूळ गाण्यात बाई सांगते की माझा पुरुष कसा असायला हवा. विडंबनात पुरुष सांगतो की ही गायिकाच माझी असती तर. म्हणजे रोख मूळ गाण्यावर आणि ते गाणारीवर आहे, चाल नुसती उसनी घेतलेली नाही. हा फरक पुढे कायद्याच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरतो. याच अल्बममध्ये ‘बिगर दॅन द बीटल्स’च्या चालीवर बाईच्या देहावर केलेलं गाणं आहे. ते घरच्या कार्यक्रमात वाजवण्यासारखं नाही आणि विनोद म्हणूनही पहिल्या ओळीतच संपतं.

1998 च्या अल्बममध्ये ‘एव्हरी लाइट इन द हाउस इज ब्लोन’ आहे. मूळ गाण्यात गेलेली प्रेयसी परत यावी म्हणून प्रियकर घरातले सगळे दिवे लावून ठेवतो. विडंबनात दिवे उडालेले आहेत. शेवटचा एक शब्द बदलला आणि विरहाचा फुगा फुटला. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागात हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. त्याच अल्बममध्ये ‘फर्स्ट रेडनेक ऑन द इंटरनेट’ या गाण्यात बक ओवेन्ससारखा जुना मातब्बर सोबत गातो. ज्येष्ठ कलाकार असा बाजूला उभा राहिला की ऐकणाऱ्याला थट्टेतला जिव्हाळा दिसतो. आपल्याकडे कोणी जुन्या पिढीतल्या लोकगायकाला असं सोबत घेतलं तर गाण्याचा वकूब बदलेल.

1999 चा ‘जडमेंटल’ ठीक. 2000 चा ‘जस्ट अनदर डे इन पॅरडीज’ पुन्हा चढता आहे. गाय पिळण्याचं गाणं यातलंच. यातच केनी चेस्नीच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्याचं विडंबन आहे. मूळ गाण्यात प्रेयसीला शेतकऱ्याचा ट्रॅक्टर भुरळ घालतो. क्लीडसने ट्रॅक्टर काढून तिथे तुरुंगातला कोठडीतला सोबती आणला. आमच्या मते इथे त्याचा अंदाज चुकला. ट्रॅक्टरच जास्त मजेदार आहे. चोपड्याच्या किंवा शहाद्याच्या शेतकऱ्याला मूळ गाणंच ऐकवा, तोच जास्त हसेल. मूळ गाणं आधीच खेळकर असेल तर त्याचं विडंबन करायला जाऊ नये. गंभीर, रडकं, छाती पुढे काढून म्हटलेलं गाणं निवडा, उंचावरून पडायला जागा राहते.

2002 पासून पुढे घसरण जाणवते. 2003 मध्ये छोटेखानी दोन निघाले, त्यातल्या एकाच्या नावातच सहाचा हिशोब आहे: ‘अ सिक्स पॅक ऑफ जड’. कारागिरी कायम आहे, पण ज्या गाण्यांवर बेतलं ती स्वतःच काही महिन्यांची पाहुणी होती. मूळ गाणं विसरलं गेलं की विडंबन आपोआप मुकं होतं. या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका हाच. या हंगामातल्या हिट गाण्यावर बांधलेलं अहिराणी विडंबन पुढच्या लग्नसराईत अर्धं मेलेलं असतं. दहा-वीस वर्षं टिकलेलं, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असलेलं गाणं निवडावं. आणि कडव्यांबद्दल: क्लीडसच्या कमकुवत गाण्यांत पहिल्या धृपदानंतर नवं काही घडत नाही, तोच विनोद तीनदा येतो. चांगल्या गाण्यांत दुसऱ्या कडव्यात परिस्थिती बिघडते आणि तिसऱ्यात उलटते. हळदीच्या रात्री पंगत जिथे बोलायला लागते ती जागा हीच. तिसऱ्या कडव्यासाठी नवी गोष्ट सुचत नसेल तर ते गाऊ नका, दोनवर थांबा.

2007 चा ‘बूगिटी, बूगिटी’ हा रे स्टीव्हन्सला वाहिलेला अल्बम. स्टीव्हन्सही जॉर्जियाचाच, जन्म 1939. त्याचं ‘द स्ट्रीक’ 1974 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि 2019 मध्ये त्याला कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. त्याची गाजलेली विनोदी गाणी बहुतेक दुसऱ्या गाजलेल्या गाण्याच्या चालीवर नाहीत, त्यांची चाल स्वतंत्र आहे. म्हणून ती टिकली. क्लीडसचा अल्बम ऐकून झाला की स्टीव्हन्सची मूळ गाणी ऐका.

त्याआधीची पिढीही सोडू नका. होमर आणि जेथ्रो, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची जोडी. 1953 मध्ये त्यांनी खिडकीतल्या गोंडस कुत्र्याच्या गाण्याचं शिकारी कुत्रं केलं. 1959 च्या ‘द बॅटल ऑफ कूकामोंगा’ला ग्रॅमी मिळालं. 2001 मध्ये तेही हॉल ऑफ फेममध्ये आले. जेथ्रोचं मँडोलिन नुसतं ऐकण्यासाठी ऐकावं इतकं तयारीचं आहे. विडंबन करणारा वाजवण्यात कच्चा चालत नाही, उलट मूळ कलाकारापेक्षा तयार असावा लागतो, हे त्यांच्या प्रत्येक तानेत कळतं. शेब वूली हा तिसरा. गंभीर गाणी तो स्वतःच्या नावावर गायचा आणि विडंबनं ‘बेन कोल्डर’ या झिंगलेल्या पात्राच्या नावावर. आपल्याकडे भजनही गाणारा आणि विडंबनही करणारा गायक असतो. त्याने दोन नावं घेणं शहाणपणाचं आहे, भजनाच्या बैठकीला कोणी लोणच्याच्या गाण्याची फर्माईश करत नाही.

कायद्याचं थोडक्यात पण नीट. अमेरिकेत 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रॉय ऑर्बिसनच्या गाण्याच्या विडंबनावरच्या खटल्यात, जो कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलच्याच एका प्रकाशन कंपनीने केला होता, असं धरलं की मूळ कृतीवर भाष्य करणारं विडंबन विकलं जात असलं तरी न्याय्य वापरात बसू शकतं. नुसती चाल उसनी घेऊन दुसऱ्याच विषयावर गाणं केलं तर तो बचाव लंगडा पडतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ‘विडंबन’ हा शब्दच नाही. कलम 52 मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी न्याय्य वापराची मुभा आहे, तिच्यावर टेकावं लागतं. पुष्कळांना वाटतं की कव्हर व्हर्जनचा परवाना काढला की झालं. तसं नाही. कलम 31सी चा तो परवाना मूळ शब्द आणि सूर न बदलण्याच्या अटीवर आहे, विडंबनात शब्दच बदलतात. शिवाय कलम 57 प्रमाणे कृतीची मोडतोड झाल्यास मूळ लेखक हरकत घेऊ शकतो. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणं वाजवणं कलम 52 मध्येच उल्लंघनातून वगळलेलं आहे, म्हणून हळदीच्या मांडवात अडचण येत नाही. अडचण तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवल्यावर सुरू होते. ट्रॅक स्वतः वाजवून घेतला तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा दावा टळतो, पण चालीचा दावा तरीही लागू शकतो. त्यातून मिळणाऱ्या पैशाचा हिशोब आधीच शून्य धरून चाला, किंवा मूळ हक्कदाराकडून लेखी परवानगी घ्या.

ऐकायची पद्धत. आधी मूळ गाणं दोन-तीनदा, शब्द बाजूला ठेवून, नुसता ठोका आणि ओळीचा शेवट पकडत. मग क्लीडसचं. मग दोन्हींची शीर्षकं एकाखाली एक लिहून अक्षरं मोजा आणि कोणता आवाज ठेवला, कोणता बदलला, त्यावर खूण करा. इंग्रजी जेमतेम येत असलं तरी चालतं, शीर्षकांपुरतं पुरेसं आहे. सुरुवात गायीच्या गाण्याने करा, मग दिव्यांच्या, मग शनायाच्या. स्वतःचं मुद्रित करताना कराओके ट्रॅकची पट्टी दोन स्वरांतरांपेक्षा जास्त वर-खाली करू नका, वाद्यांचा आवाज रबरासारखा ताणलेला येतो. त्यापेक्षा आपल्या गळ्याला बसणारं दुसरं गाणं शोधा. तयार ट्रॅकवर एखादी ढोलकी किंवा डफ प्रत्यक्ष वाजवून भरा, म्हणजे आवाज आणि ट्रॅक वेगवेगळ्या खोल्यांतून आल्यासारखे वाटत नाहीत. खोलीत पंखा बंद, भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. आणि हशाच्या शब्दाआधी ठेका अर्धा क्षण थांबवा, ढोलकीवाल्याला ती जागा कागदावर खूण करून द्या.